सर्वांत लहान पुतळी

तेगलवंगी,
गालुंगानचा सण आटोपल्यावर

प्रिय रेंती,

हे पत्र केतुतकडे वाचायला देऊ नकोस. तो मोठ्याने वाचतो, आणि तुमच्या बंदरावरच्या घरांच्या भिंती बांबूच्या आहेत. तुला अक्षरं मीच शिकवली, तेव्हा माझं वेडंवाकडं लिखाण तुला लागेल. पुतूला शेजारणीकडे सोड, दार लोटून घे आणि मग वाच. केतुतला काय सांगायचं ते नंतर तुझं तू ठरव. त्याच्या डुकरांचं कसं चाललंय? सिंगापूरची बोट वेळेवर येते का? मेमे म्हणते, जावयाच्या आधी त्याचा वास येतो. पण हे ती हसत म्हणते, आणि तुम्ही परत गेलात की दोन दिवस त्याचंच कौतुक चालतं. पुतूचा दात आला का? मी हे सगळं विचारत बसलोय, कारण मूळ गोष्टीला हात घालायचा धीर होत नाहीये. माझं डोकं ठिकाणावर नाही, रेंती. काल अंगठा कापून घेतला, नुकत्याच कामाला लागलेल्या पोरासारखा.

तुझ्या कानावर आलं असेलच, राजवाड्यातली माणसं लोंबोकहून परत आली. माणसं म्हणजे काय, उरलीत किती! राजाची धाकटी बहीण, जिला आता सगळे थोरल्या रातू म्हणतात, दोन पुतणे आणि एक बहिरी दासी. त्या दिवशी जी मेली नाहीत त्यांना वलंदेज गोऱ्यांनी जहाजात घालून पलीकडच्या बेटावर ठेवलं होतं. आता ती म्हातारी झाली, कुणाचं काही वाकडं करू शकत नाहीत, म्हणून सोडली. राजवाडा तर राहिलाच नाही. जिथे दरबार भरायचा तिथे साहेबाच्या बंगल्याची हिरवळ आहे आणि संध्याकाळी गोरे लोक मधे जाळी बांधून चेंडू टोलवतात. थोरल्या रातू आल्या त्याच दिवशी पालखीतून तिथे गेल्या. जरा वेळ बघितलं, म्हणाल्या, "गवत छान राखलंय," आणि पालखी फिरवायला सांगितली. सध्या बाजारामागच्या एका भाड्याच्या घरात राहतात.

लहानपणी आपण तो खेळ खेळायचो, आठवतं? मी गलबत व्हायचो आणि ओट्यावर आपटून फुटायचो. मग गल्लीतली पोरं येऊन मला लुटायची. एवढ्याशा गोष्टीपायी राज्य गेलं, रेंती. एका व्यापाऱ्याचं गलबत आपल्या प्रवाळाच्या खडकावर फुटलं. खडकावर येईल ते किनाऱ्याचं, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. वलंदेज म्हणाले, ही चोरी आहे, भरपाई टाका. राजा म्हणाला, माझ्या कोळ्यांनी देवळात शपथ घेतलीय, मी त्यांना खोटं पाडणार नाही. मग आरमार आलं आणि तोफा सुरू झाल्या. शेवटच्या सकाळी राजाने सगळ्यांना पांढरी वस्त्रं नेसायला सांगितली. बाया, पोरं, म्हातारे, पुरोहित, सगळे दागिने घालून, खंजीर घेऊन बंदुकांसमोर चालत गेले. शरण जायचं नाही एवढंच ठरलेलं होतं. आपला बापा राजवाड्याचा सुतार. त्याने राजाच्या हुकमावरून स्वतःच्या हाताने कोरलेल्या खांबांना आग लावली आणि मग तोही पांढरं नेसून त्यांच्या मागे गेला. खेळात आपण तिथपर्यंत कधी पोचायचोच नाही. मी मेमेचं पांढरं कापड अंगाला गुंडाळलं की तू अशी किंचाळायचीस की शेजारपाजार गोळा व्हायचा. मग मेमे खेळ बंद करायची आणि मार मला बसायचा. मला वाटायचं तू मुद्दाम करतेस.

तर थोरल्या रातूंनी सरकारकडून परवानगी मिळवली. त्या दिवशी मेलेल्यांना घाईघाईने एकत्र जाळलं होतं. कुणाचाच विधी धड झाला नाही, म्हणून ते सगळे अजून वाटेतच अडकलेत, असं त्या म्हणतात. आता राजघराण्यातल्या प्रत्येकाची चंदनाची पुतळी घडवायची, ताडपत्राच्या पट्टीवर नाव लिहून तिच्या पोटात खोचायचं, पांढऱ्या कापडात गुंडाळायचं आणि अमावास्येला रीतसर दहन करायचं. ज्याचं नाव पट्टीवर, तो वर पोचला. काम मला मिळालं, बापाचा मुलगा म्हणून. पुरोहितबुवांना आता दिसत नाही, त्यामुळे नावंही मीच लिहायची. मी खूश होतो, खोटं कशाला सांगू. एवढं मोठं काम या भागात कुणी पाहिलेलं नाही, आणि साहेबाच्या रस्त्यावर फुकट खडी फोडण्यातूनही सुटका झाली.

रातू रोज सकाळी माझ्या कामाच्या मांडवात येऊन बसायच्या. पान चघळत एकेकाचं नाव सांगायच्या, आणि माणूस जेवढा होता त्या मानाने पुतळी झाली पाहिजे असा त्यांचा हट्ट. "हा माझा चुलता. जाडा कर रे त्याला, वायान. बारीक केलास तर वर गेल्यावर मला शिव्या घालेल." "हिची मान लांब होती आणि जीभ त्याहून लांब. मान तेवढी कर." बाजूला नैवेद्याच्या पानांच्या द्रोण्या विणणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मेमेही त्यांच्यात होती. मीच तिला हाताशी घेतलं होतं, घरात एकटी बसून काय करतेस म्हणून. ती रातूंकडे कधी मान वर करून बघत नसे. मला वाटलं, राजघराण्याचा मान ठेवतेय.

मग तो दिवस आला. रातू म्हणाल्या, "आता सर्वांत लहान. सागुंग ओका. माझ्या धाकट्या भावाची लेक." मी चंदनाचा एक तुकडा शोधायला लागलो. त्या म्हणाल्या, "तिची आई आधीच पडली होती. पोरीला कडेवर मी घेतलं होतं. मला इथे लागलं." त्यांनी खांदा दाखवला, हाड आत गेलंय. "शुद्धीवर आले तेव्हा मी जहाजावर होते आणि कडेवर कुणी नव्हतं." मला मात्र माप हवं होतं, म्हणून मी मूर्खासारखं विचारलं, "केवढी होती, रातू?" त्यांनी जमिनीपासून हात वर धरला. "एवढीशी. दूध सुटलं नव्हतं अजून. डाव्या पायाचं एक बोट अंगठ्यावर चढलेलं. आम्ही म्हणायचो, हिची बोटंसुद्धा मानापानावरून भांडतात."

रेंती, मी हसलो. खरंच हसलो, कारण मला तुझा पाय आठवला. "रातू, आमच्या घरी पण..." एवढं माझ्या तोंडून गेलंसुद्धा. तेवढ्यात मागे तांदळाची टोपली उलटल्याचा आवाज झाला. मेमे उठून उभी होती. तांदळात पाय देऊन ती माझ्याकडे आली, तांदळात, तीच मेमे जी एक दाणा सांडला तरी आपल्याला वेचायला लावते. माझं मनगट धरून म्हणाली, "वायान, घरी चल. मला बरं वाटत नाही." रातू म्हणाल्या, "अगं, म्हातारीला कुणी पाणी द्या." मेमेने पाणी घेतलं नाही. अख्ख्या रस्त्याने तिने माझं मनगट सोडलं नाही.

घरी आल्यावर ती चुलीपाशी बसली आणि राखेकडे बघत बोलायला लागली. तिचे शब्द मी जसेच्या तसे लिहितो, माझ्या शब्दांत मला ते सांगता येणार नाहीत. "आपली न्योमन रेंती त्या दिवशी पहाटेच गेली. तापाने. तोफांमुळे वैदू येईना. तुझा बापा आधीच राजवाड्यात गेला होता, त्याला कळलंही नाही. मी एकटीने तिला नदीकाठी पुरली. दुपारी बंदुका थांबल्या तेव्हा त्याला शोधायला गेले. तो सापडला. त्याच्या पायाशी एक पोर होती, मेलेल्या बाईच्या केसांना धरून बसलेली. रडत नव्हती. मी हात पुढे केला तर म्हणते कशी, मी सागुंग ओका आहे, मला खाली वाकून उचल. सैनिक येत होते. मी खाली वाकले आणि उचलली. माझं दूध गळत होतं, वायान. पहाटेपासून गळत होतं. जिला माझ्या हातचं पाणी चाललं नसतं, ती माझ्या छातीला लागली आणि झोपली. मग मी तिचं पांढरं कापड काढून टाकलं आणि तिला न्योमनचं कापड गुंडाळलं."

मी तेव्हा डोंगरात आजोळी होतो. लढाईच्या वर्षभर आधीच मला तिथे ठेवलं होतं. मेमे कडेवर मुलगी घेऊन आली, तेव्हा सगळ्यांसमोर मी म्हणालो, "न्योमनचं नाक असं नव्हतं." मेमेने अशी थोबाडीत दिली की मी ओट्यावरून खाली पडलो. बापाच्या दुःखाने तिचं डोकं फिरलंय, असं आजी म्हणाली. मी पुन्हा कधी नाकाचं नाव काढलं नाही, आणि पुढे मला खरंच वाटायला लागलं की नाकं बदलतात.

तू आता काय करत असशील मला कळत नाहीये. मी स्वतः उठून विहिरीवर गेलो आणि डोक्यावर पाणी ओतत बसलो. आधी मेमेचा राग आला, इतका की चूल फोडावीशी वाटली. मग भीती वाटली. राजाच्या पुतणीच्या डोक्यावर पाय देऊन मी फणसावर चढलोय. तिला माझं उष्टं खायला दिलंय, तिला डुकराच्या गोठ्यात कोंडलंय, चपट्या नाकाची म्हणून गल्लीभर चिडवलंय. मग मला आठवलं की ती तू आहेस, आणि मला रडू आलं. तू माझी बहीण नाहीस, हे वाक्य मी मनात बोलून पाहिलं. ते खरं आहे आणि मला ते मुळीच पटत नाही.

आता नीट ऐक. कायदा तुला माहीत आहे. वरच्या कुळातल्या बाईने आपल्यासारख्या माणसाशी संसार मांडला तर दोघेही गुन्हेगार. राजाच्या काळी अशांना पोत्यात घालून समुद्रात बुडवत. वलंदेजांनी दया केली, ते आता जहाजात बसवतात. गेल्या वर्षी शेजारच्या गावातल्या एका सोनाराला आणि त्याच्या बायकोला दूर सेलेबीस बेटावर धाडलं, तिचं पोट पुढे आलेलं असताना. माहीत नव्हतं म्हटल्याने कुणी सुटत नाही. तू सागुंग ओका म्हणून उभी राहिलीस की केतुत गेला. बिचारा डुकरं मोजतोय तिकडे, त्याच्या बापजन्मी ध्यानात यायचं नाही की आपण कुणाशी लग्न केलं. पुतूला तुमच्याबरोबर जाऊ देतील की नाही, हे मी आडून आडून कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, साहेबाच्या मर्जीवर आहे.

आणि गप्प राहिलो, तर मला त्या पट्टीवर सागुंग ओका लिहायचंय. जिवंत माणसाचं नाव, रेंती. तू तिकडे पुतूला न्हाऊ घालत असताना मी इथे तुला मेलेल्यांच्या रांगेत उभी करून आग लावायची. ज्याचं नाव पट्टीवर तो वर पोचतो, हे मी तुला गंमत म्हणून नाही सांगितलं. माझा त्यावर विश्वास आहे. मेमेचा आहे. तुझाही आहे, उगाच नाही म्हणू नकोस. पुतूच्या वेळी मी त्याचं नाव जन्माआधीच पाळण्याच्या लाकडावर कोरलं म्हणून तू पाळणा परत पाठवला होतास.

रातू अजून रोज येतात. त्यांना ती पुतळी इतर पुतळ्यांच्या आधी हवी होती. परवा मी ती त्यांच्या हातात दिली. डोळे, हात, पाय, सगळं नीट झालं होतं. त्यांनी पायावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बोट सरळ केलंस, वायान. ती चिडेल." मी म्हणालो, "लाकूड फार बारीक आहे, रातू." खोटं होतं ते. माझ्याने ते बोट कोरवलं नव्हतं. त्यांनी पुतळी मांडीवर घेतली. मग आपणहून म्हणाल्या, "मी तिला सोडली का, की ती माझ्या हातून सुटली, हे मला आठवत नाही. एवढं आठवलं असतं तर मी सुखाने मेले असते." रेंती, माझ्या ओठांवर आलं होतं. एक वाक्य बोललो असतो तर त्या म्हातारीचं सगळं जगणं फिरलं असतं. मी पटाशीला धार लावत राहिलो. माझ्याएवढा दुष्ट माणूस या गावात दुसरा नसेल, असं वाटत होतं, आणि तरी मी धार लावतच राहिलो.

घरी येऊन मी मेमेला म्हणालो, "मी काम सोडतो. दुसरा कुणी लिहील." तर ती माझ्यावरच उखडली. "दुसरा लिहील म्हणजे काय? नाव तर तेच लिहील ना! शहाणा आहेस." मग जरा वेळाने म्हणाली, "त्या पट्टीवर माझ्या न्योमनचं नाव लिही." मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. सुताराची पोर राजघराण्याच्या चितेवर? कुणाला कळलं तर आपली हाडंसुद्धा या गावात राहणार नाहीत. ती म्हणाली, "कुणाला कळणार? पुरोहिताला दिसत नाही. रातूंना वाचता येत नाही. दहनाच्या दिवशी नाव कुणी उच्चारत नाही. माझी पोर नदीकाठी एकटी आहे. तिच्यासाठी मी एक फूल वाहिलं नाही कधी, कारण वाहायचं कुणासाठी? ती तर घरात खेळत होती, सगळ्यांसमोर. तिने आपलं नाव दिलं, कापड दिलं, दूध दिलं. तिच्यासाठी कधी रडायलाही मिळालं नाही मला." आणि ती रडली. बापाच्या आठवणीनेही मी तिला कधी असं रडताना पाहिलं नव्हतं.

मी लिहिलं, रेंती. न्योमन रेंती, सुताराची मुलगी, तेगलवंगी. लेखणीच्या टोकाने अंगठा कापला तो तेव्हाच. पट्टी खोचली, वर चंदनाचं बूच बसवलं आणि रातूंसमोर पुतळी पांढऱ्या कापडात गुंडाळली. रातूंनी तिला नमस्कार केला. मेमेनेही केला.

अमावास्येला अजून आठवडा आहे, म्हणून हे पत्र मोटारवाल्याच्या हाती घाईने पाठवतोय. तुला तुझं जन्माचं नाव हवं असेल, रातूंच्या मांडीवर डोकं ठेवायचं असेल, तर त्याआधी ये. मी बूच काढीन आणि जे होईल ते तुझ्या बाजूला उभा राहून भोगीन. मेमेचंही तेच म्हणणं आहे. पण तू येणार नसलीस, तर अमावास्येपासून रेंती हे नाव मेलेल्या माणसाचं झालं. त्या नावाने तुला हाक मारली तर ती वर पोचलेली पोर मागे वळून बघेल, आणि ते आपल्याला करायचं नाही. सागुंग ओका म्हणायची आमची छाती नाही. तेव्हा तू स्वतःसाठी एक तिसरं नाव निवड, ज्या नावाचं आपल्या गावात कुणी मेलेलं नाही असं. केतुतला सांग, पुतू सारखा आजारी पडतो म्हणून पुरोहितबुवांनी त्याच्या आईचं नाव बदलायला सांगितलंय. तो समजून घेईल. मेमेला कोंबड्यांना दाणे टाकताना, भांडी घासताना तुला हाक मारायची सवय आहे, तू इथे नसलीस तरी ती मारते. आज सकाळपासून दोनदा तोंड उघडून गप्प बसली. तिने तुला काय म्हणायचं, ते लवकर कळव.

तुझाच थोरला भाऊ,
वायान